मोटारीतला गारवा

वैशाखातल्या एका दुपारी मी भाईंदर स्टेशनाबाहेर भाड्याच्या मोटारीत बसलो. जायचे होते घोडबंदरला. चालक चाळिशीचे गृहस्थ, मूळचे जव्हारकडचे. गाडीतला एसी चालू होता. पण त्याच्या झडपांतून येणाऱ्या हवेला गार म्हणावे की कोमट, असा प्रश्न पडावा. गाडी धावू लागली की थोडे बरे वाटे, आणि काशीमिऱ्याच्या नाक्यावर वाहनांच्या रांगेत उभी राहिली की पुन्हा घामाच्या धारा. चालक शरमून म्हणाले, "सर, दोनदा गॅस भरून घेतला. पैसे गेले, पण दुपारी बारा ते चार हे असंच. गिऱ्हाईक कटकट करतं, एखादा मधेच उतरून जातो." मग जरा थांबून त्यांनी विचारले, "तुम्ही कॉलेजात शिकवता ना? मग मला एक सांगा. इंजिन तर आग ओकतं. त्याच आगीच्या जोरावर गार हवा येते तरी कशी?"

मी इतिहास शिकवणारा माणूस. यंत्रशास्त्र माझा विषय नव्हे. पण प्रश्न इतका नेमका होता, की तो मनातून जाईना. आणि विचार करता करता माझ्या ध्यानात आले, की ह्या प्रश्नाचे उत्तर इतिहासातही आहे. माणसाने उन्हाळ्यावर जे जे उपाय केले ते ओळीने मांडले, तर मोटारीतला एसी काय करतो आणि कधी कच खातो, हे आपोआप उलगडते. आजच्या भाषणात तीच ओळ मी आपल्यापुढे मांडणार आहे.

आधी मूळ गोष्ट सांगून ठेवतो. थंडी कोणी तयार करीत नाही. जगात वस्तू एकच, ती म्हणजे उष्णता. ती एका जागेवरून उचलायची आणि दुसऱ्या जागी नेऊन टाकायची, एवढेच माणसाच्या हाती आहे. आमच्या भाईंदरच्या पश्चिमेला उत्तन म्हणून कोळ्यांचे गाव आहे. तिथल्या कोणत्याही नाखव्याला विचारा. होडीत पाणी शिरू लागले तर तो काय करतो? एका हाताने भोक बुजवतो आणि दुसऱ्या हाताने पाणी उपसतो. नुसते उपसून भागत नाही, आणि नुसते बुजवूनही भागत नाही. उन्हात उभी असलेली मोटार म्हणजे अशीच गळकी होडी. तिच्यात काचांतून, पत्र्यांतून, फटींतून उष्णता शिरत असते, आणि एसी ती उपसून बाहेर टाकत असतो. हा दाखला लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा पुन्हा उपयोगी पडेल.

उपसण्याचा सर्वांत जुना मार्ग आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे. तो म्हणजे मातीचा माठ. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती पाण्यातली उष्णता बरोबर घेऊन जाते. दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडणे हा ह्याच तत्त्वाचा थोरला अवतार. विदर्भातल्या घरोघरी घरघरणारा कूलर हा त्याच ताटीचा नातू. अमेरिकेत १९३० नंतरच्या काळात पश्चिमेकडच्या कोरड्या मुलखातून जाणारे लोक मोटारीच्या खिडकीला पाण्याचे एक नळकांडे बांधीत. गाडी धावली की वारा त्या ओल्या नळकांड्यातून आत येई. म्हणजे मोटारीतला पहिला गारवा हा आपल्या माठाचाच भाऊबंद होता.

मग असा कूलर भाईंदरला का चालत नाही? नागपूर-अकोल्याकडून कोकणपट्टीत बदलून आलेल्या शिक्षकांना हा अनुभव असेल. तिकडे कूलरपुढे हुडहुडी भरते, इकडे अंग नुसते चिकट होते. कारण सोपे आहे. वाफेला जायला जागा हवी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी, मध्ये मिठागरे, अशा जागी हवा आधीच वाफेने भरलेली असते. भरल्या पोत्यात आणखी धान्य कसे मावणार? म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाला दुसरा उपाय शोधावा लागला.

तो उपाय म्हणजे बर्फ. आपल्याकडे उत्तरेत राजेरजवाड्यांना तो ठाऊक होता. अबुल फजलाच्या 'आईन-इ-अकबरी'त बादशहाचे पिण्याचे पाणी गार करण्याची रीत दिली आहे. पाण्यात सोरा विरघळवायचा, आणि त्यात पाण्याची सुरई फिरवीत राहायची. सोरा विरघळताना उष्णता शोषून घेतो आणि सुरईतले पाणी गार होते. पुढे दरबार लाहोरला हलल्यावर हिमालयातून बर्फ आणवू लागले. पण हे सारे मुख्यतः बड्यांच्या ताटापुरते. गरिबाच्या वाट्याला माठच.

मुंबईला बर्फ आला तो मात्र हिमालयातून नव्हे, तर सातासमुद्रापलीकडून. अमेरिकेत बॉस्टनला फ्रेडरिक ट्यूडर नावाचा एक व्यापारी होता. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून तो उष्ण देशांत विकण्याची कल्पना त्याच्या डोक्यात आली. लोकांनी त्याला वेड्यात काढले. १८३३ साली त्याने 'टस्कनी' नावाच्या जहाजात सुमारे १८० टन बर्फ भरून कलकत्त्याला धाडला. वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडायचे, प्रवास चार महिन्यांचा. तरीही जहाज कलकत्त्याला पोचले तेव्हा जवळजवळ १०० टन बर्फ शिल्लक होता! लवकरच हा बर्फ मुंबईलाही येऊ लागला, आणि तो साठवण्यासाठी शहरात खास बर्फघर बांधण्यात आले. सर जमशेटजी जिजीभॉय ह्यांनी एका मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले आणि यजमानांसकट सगळ्यांना पडसे झाले, अशी एक गोष्ट त्या काळच्या मुंबईची म्हणून अजून मौजेने सांगतात.

पण आपल्याला ह्यातून उचलायची गोष्ट वेगळीच आहे. चार महिने उन्हातून येऊन शंभर टन बर्फ उरला कसा? तो काही कोणत्या यंत्राने राखला नाही. बर्फाभोवती लाकडाचा भुसा ठासून भरलेला होता. भुशातून उष्णता सहजासहजी आत शिरत नाही. म्हणजे ट्यूडरने एक थेंबही उपसला नाही. त्याने फक्त भोके बुजवली. आजही खेड्यातला बर्फवाला लादी भुशात किंवा गोणपाटात गुंडाळून ठेवतो, तो ट्यूडरचाच धडा गिरवतो.

आता हा बर्फ चाकांवर कसा चढला ते पाहू. ही हकीकत भाईंदरच्या दारावरून गेलेली आहे. मुंबईहून गुजरातेकडे जाणारा लोहमार्ग 'बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया' ह्या कंपनीचा. १८६४ साली तो मुंबईपर्यंत पोचला, आणि त्यासाठी भाईंदरजवळ वसईच्या खाडीवर पूल झाला. ह्याच मार्गाने १९२८ पासून मुंबई ते पेशावर अशी फ्रंटियर मेल धावू लागली. दिल्ली, लाहोर ओलांडून सरहद्दीला जाणारी ही दिमाखाची गाडी. १९३४ साली तिला वातानुकूलित डबा जोडला गेला. आपल्या देशात रेल्वेला असा डबा लागण्याची ही सुरुवात. पण त्यात आजच्यासारखे यंत्र नव्हते, बरे का! डब्याच्या तळाशी बंद पेट्या होत्या. त्यांत बर्फाच्या लाद्या ठेवीत. बॅटरीवर चालणारा पंखा त्या बर्फावरून हवा फिरवी आणि ती गार हवा डब्यात सोडी. बर्फ वितळला की वाटेतल्या ठरावीक स्टेशनांवर नव्या लाद्या भरीत. म्हणजे उतारूंच्या अंगची आणि उन्हाने तापलेल्या डब्याची उष्णता बर्फ पिऊन घेई, आणि पाणी होऊन ती रुळांवर सोडून देई.

एक किलो बर्फ नुसता वितळायला ८० किलोकॅलरी उष्णता लागते. शिक्षकमंडळींनी हे मुलांना असे सांगावे: २० अंशांचे एक किलो पाणी उकळीला यायला जितकी उष्णता लागेल, तितकी उष्णता एक किलो बर्फ नुसता पाणी होताना गिळतो. ह्या बर्फाच्या हिशेबाने आजही एसीची ताकद मोजतात. दुकानात आपण म्हणतो 'एक टनाचा एसी', 'दीड टनाचा एसी'. कित्येकांना वाटते, हे त्या पेटीचे वजन! तसे नाही. एक टन बर्फ, म्हणजे अमेरिकन मापाने सुमारे ९०७ किलो, २४ तासांत वितळताना जितकी उष्णता ओढून घेईल तितकी उष्णता जे यंत्र उपसते, ते एक टनाचे. साध्या मोटारीतला एसीही एक टनाच्या आसपासचा असतो. म्हणजे पाहा, ते छोटेसे यंत्र तासाला ३८ किलो बर्फ वितळावा इतकी उष्णता गाडीबाहेर फेकत असते. फ्रंटियर मेलच्या पेट्यांतला तो बर्फ आपल्या बोलण्यात असा अजून शिल्लक आहे.

बर्फाची जागा यंत्राने घेतली ती हळूहळू. विशिष्ट द्रवाची वाफ करायची, ती दाबून पुन्हा द्रव करायची आणि ह्या फेऱ्यात उष्णता उपसायची, ह्या यंत्राचे पेटंट जेकब पर्किन्स ह्याने लंडनमध्ये १८३४ साली घेतले. एकीकडे जहाजांतून बर्फ येत होता, आणि त्याच सुमारास त्याचा धंदा बुडवणारे यंत्र कागदावर उतरत होते! पुढे १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी विलिस कॅरियर ह्या तरुण इंजिनिअराने हवेचा दमटपणा आवरणारी योजना आखली. दमट हवेत कागद फुगे, रंग एकावर एक नीट बसत नसत. म्हणजे एसीचा जन्म माणसाच्या सुखासाठी झाला नाही, तो कागदाच्या सोयीसाठी झाला. पण किनाऱ्यावरच्या आपल्यासारख्यांना त्यातला मुद्दा फार जवळचा आहे. आपल्याला जितका ताप उन्हाचा, तितकाच दमटपणाचा. चालू एसीच्या मोटारीखाली पाण्याचे थेंब ठिबकताना आपण पाहतो. काही लोक घाबरतात, गाडी गळते म्हणून. ते पाणी म्हणजे आतल्या हवेतून काढलेला दमटपणाच.

त्यानंतर मुंबईत १९३३ साली रीगल चित्रपटगृह वातानुकूलित होऊन उघडले, आणि अमेरिकेत १९३९ सालच्या अखेरीस पॅकार्ड कंपनीने कारखान्यातूनच एसी बसवलेली मोटार लोकांपुढे आणली. ते यंत्र इतके अवजड, की त्याने मागची अर्धी डिक्की व्यापली होती. गंमत म्हणजे ते बंद करायला बटण नव्हते. गारवा नको झाला तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचे, खाली उतरायचे आणि कॉम्प्रेसरचा पट्टा काढून ठेवायचा! दोन वर्षांत तो प्रयोग गुंडाळला गेला. १९५३-५४ च्या सुमारास निरनिराळ्या अमेरिकन कंपन्यांनी सुधारलेली यंत्रे आणली, आणि तेथून मोटारीतला एसी रुळला.

आपल्याकडे तो यायला आणखी पुष्कळ वर्षे जावी लागली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी ही मुंबईची काळीपिवळी टॅक्सी. २०२३ च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून निवृत्त झाली, तोवर तिच्या उतारूंना गारवा मिळाला तो बहुधा उघड्या काचेचाच. ज्यांना परवडे ते बाहेरून एसी बसवून घेत, आणि डॅशबोर्डाखाली ती पेटी गुडघ्यांना लागत लोंबकळत असे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती गाडी आली, १९८५ साली मोटारींचे एसी बनवणारी सुब्रोस कंपनी निघाली, आणि मग कारखान्यातूनच एसी घेऊन येणाऱ्या गाड्या मध्यमवर्गाच्या दारात दिसू लागल्या.

आता त्या चालकाच्या प्रश्नाकडे येऊ. इंजिनाच्या आगीतून गार हवा कशी येते? इंजिन कॉम्प्रेसर फिरवते. कॉम्प्रेसर गॅस दाबतो. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे तोंड तापते, तसा दाबलेला गॅस तापतो, बाहेरच्या उन्हापेक्षाही जास्त तापतो. हा तापलेला गॅस गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढे असलेल्या जाळीत जातो. तिला कंडेन्सर म्हणतात. तिथे बाहेरचा वारा लागून तो आपली उष्णता टाकतो आणि द्रव होतो. मग एका बारीक छिद्रातून तो डॅशबोर्डामागच्या जाळीत सुटतो, दाब एकदम उतरतो, त्याची वाफ होते. आणि माठाच्या पाण्याप्रमाणेच वाफ होताना तो गाडीतल्या हवेची उष्णता ओढून घेतो. ही वाफ पुन्हा कॉम्प्रेसरकडे. रहाटाचे पोहरे जसे खाली भरतात आणि वर रिकामे होतात, तसा हा गॅस आत भरतो आणि बाहेर रिकामा होतो. इंजिन थंडी देत नाही. ते रहाट ओढणाऱ्या बैलाचे काम करते.

हे कळले, की बिघाडही कळतो. पोहरे वर येऊन रिकामेच झाले नाहीत, तर खाली काय भरणार? गाडी धावताना समोरचा वारा कंडेन्सरला लागतो. गाडी उभी राहिली की तो वारा नाही. तेव्हा सारी भिस्त कंडेन्सरच्या पंख्यावर. शिवाय उभ्या गाडीत इंजिन मंद, म्हणून कॉम्प्रेसरही मंद. त्यात पुढच्या ट्रकचा धूर आणि खालचे तापलेले डांबर. मी त्या चालकांना म्हटले, "दादा, धावताना गार आणि थांबल्यावर गरम, असं होत असेल तर आधी गॅस पाहू नका. नाकाशी पाहा." आठवड्याने ते पुन्हा भेटले. कंडेन्सरच्या पापुद्र्यांत महामार्गावरची धूळ, कीटक आणि चिखल घट्ट बसला होता, आणि पंखा फिरतच नव्हता. त्यावर दोनदा गॅस भरला गेला होता, तो प्रमाणाबाहेर झाला होता. जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा नव्हे, श्रोतेहो! प्रमाणाबाहेर गॅस झाला की दाब वाढतो आणि गारवा उलट कमी होतो. त्यांचे पैसे गेले ते उपचाराआधी रोग न पाहिल्यामुळे.

तेव्हा आता उपाय सांगतो. ते त्याच दोन सदरांत बसतात: भोके बुजवणे आणि पाणी उपसणे.

भोके बुजवणे म्हणजे उष्णता आत येऊ न देणे. गाडी शक्यतो सावलीत लावावी. सावली नसेल तर समोरच्या काचेला आतून चंदेरी किंवा पांढरा पडदा लावावा. ऊन काचेतून सहज आत येते, पण तापलेल्या बैठकींची उष्णता तितक्या सहज काचेतून बाहेर जात नाही. म्हणून उन्हात उभ्या गाडीत बाहेरपेक्षा कितीतरी अधिक तापते. अशा गाडीत बसताच काचा लावून एसी सुरू करू नये. आधी चारही काचा उघडाव्या, मिनिटभर गाडी चालू द्यावी, कोंडलेली झळ वाऱ्याबरोबर जाऊ द्यावी. बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड असताना ती फुकट मिळणारी मदत का सोडावी? मग काचा लावाव्या आणि आतलीच हवा फिरवणारे बटण दाबावे. एकदा गार झालेली हवा पुन्हा गार करणे सोपे, बाहेरची दमट हवा दर वेळी नव्याने वाळवणे कठीण. मात्र लांबच्या प्रवासात अधूनमधून बाहेरची हवा घ्यावी. कोंडलेल्या हवेने चालकाला पेंग येते.

उपसण्याच्या बाजूने पाहायचे ते असे. कंडेन्सरची जाळी उन्हाळ्यापूर्वी हलक्या धारेने धुवावी. जोराचा फवारा मारला तर तिचे पापुद्रे वाकतात. एसी सुरू असताना पंखा फिरतो की नाही ते बॉनेट उघडून पाहावे. आतल्या हवेची गाळणी धुळीने भरली असेल तर बदलावी. ब्लोअरचा आवाज मोठा आणि वारा कमी, ही तिची खूण. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: खारी हवा कंडेन्सरची ॲल्युमिनियमची जाळी खाते. ज्या मिठाने भाईंदरला नाव दिले, तेच मीठ इथे शत्रू होते. आणि गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत असतो. दरवर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी चांगली गळती आहे. गॅसबरोबर थोडे तेलही बाहेर येते, म्हणून सांध्याशी तेलकट डाग दिसतो. आधी गळती शोधायला सांगावी, मग गॅस भरावा.

ह्या गळतीचा संबंध आपल्या खिशापुरता नाही. पूर्वी ह्या यंत्रांत जो गॅस होता, तो १९२८ नंतर अमेरिकेत निर्माण झाला. तो विषारी नाही, पेट घेत नाही, म्हणून सर्वांनी डोक्यावर घेतला. १९७४ साली मोलिना आणि रोलंड ह्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की तो वर जाऊन ओझोनचे छत्र विरवतो. १९८७ साली मॉन्ट्रियलला देशोदेशींचा करार झाला, आणि तो गॅस क्रमाने बंद झाला. त्याच्या जागी मोटारींत जो आला तो ओझोनला उपद्रव करीत नाही. पण हवेत सुटला तर वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या तेराशेपटींहून अधिक उष्णता कोंडतो. म्हणून जुना गॅस 'फुस्स' करून हवेत सोडणाऱ्या कारागिराला आपण हटकले पाहिजे. तो यंत्राने काढून घ्यावा. आपली होडी उपसताना शेजाऱ्याच्या होडीत पाणी टाकू नये, एवढा हा शेजारधर्म आहे.

आणि एक जिवावरची सूचना. उन्हात लावलेल्या बंद मोटारीत लहान मुलाला पाच मिनिटेसुद्धा ठेवू नये. काच बोटभर उघडी ठेवून भागत नाही. मोठ्या माणसापेक्षा मुलाचे अंग कितीतरी लवकर तापते. तसेच बंद जागेत इंजिन चालू ठेवून, एसी लावून गाडीत झोपू नये. धुरातला विषारी वायू आत आला तर झोपेतून जाग येत नाही.

आता शेवटचा मुद्दा. अकबराच्या काळचा बर्फ मुख्यतः दरबारातल्या बड्यांपुरता होता. बॉस्टनचा बर्फ मुंबईच्या शेठसावकारांच्या आणि साहेबांच्या मेजांवर गेला. फ्रंटियर मेलचा गार डबा वरच्या वर्गाचा. गाडी भाईंदरच्या खाडीवरून धडधडत जाई, तेव्हा खालच्या मिठागरांत आगरी माणूस उन्हात मीठ ओढीत असे. इतिहासात गारवा नेहमी वरून खाली, फार सावकाश उतरत आला आहे. पण तो उतरतो आहे, हेही खरे. त्याच पश्चिम रेल्वेच्या रुळांवर २०१७ सालच्या २५ डिसेंबरला मुंबईची पहिली वातानुकूलित लोकल धावली. त्याच वर्षी एसटीची शिवशाही निघाली. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढेच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने नियम काढला, की २०२५ पासून नव्याने बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालमोटारींच्या कॅबिनला एसी असलाच पाहिजे.

काशीमिऱ्याच्या त्या रांगेत आमच्या गाडीशेजारी एक मालट्रक उभा होता. त्याच्या चालकाने डोक्याला ओला पंचा गुंडाळला होता, आणि थोड्या थोड्या वेळाने तो बाटलीतले पाणी त्यावर ओतीत होता. मी पाहतच राहिलो. तो माठाचाच उपाय करीत होता. पण किनाऱ्याच्या दमट हवेत त्या पंच्याचे पाणी वाळणार कसे? घामाने डोळे चुरचुरणारा, झोप न झालेला माणूस वीस-पंचवीस टनांचा बोजा हाकतो, तेव्हा त्याच्या अंगाची काहिली ही त्याच्या एकट्याची बाब राहत नाही. त्याच रस्त्याने आपली मुले शाळेला जातात. छापखान्यातला कागद फुगू नये म्हणून ज्या विद्येचा जन्म झाला, ती सव्वाशे वर्षांनी ट्रकचालकाच्या कॅबिनपर्यंत पोचते आहे. उशीर झाला, पण योग्य जागी पोचते आहे. नियम नव्या गाड्यांना आहे. रस्त्यावर जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांचे चालक पंचाच भिजवीत राहणार आहेत. अशा माणसाला आपल्या दारी घटकाभर सावली आणि माठातले तांब्याभर पाणी द्यायला कोणतेच यंत्र लागत नाही.

जव्हारकडच्या त्या चालकांना मी एवढेच सांगितले, "दादा, गाडी थंड करता येत नाही. तिच्यातली उष्णता बाहेर काढता येते." ते हसून म्हणाले, "म्हणजे सर, मालक मी, आणि भाडेकरू ती. तिला बाहेर काढायचं, आणि पुन्हा शिरू द्यायचं नाही!" माझ्या सगळ्या भाषणापेक्षा त्यांचे हे वाक्य मला अधिक नेमके वाटले. त्यानेच मी आपली रजा घेतो.